कोरडवाहू मुलखातील समुद्राची पुस्तके
(द्वितीय वर्ष कला)

पाण्याची किंमत बारामती-इंदापूरच्या माणसाला कोणी पुस्तकातून शिकवू नये. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार यावर ज्याच्या घरातले लग्नाचे महिने ठरतात, त्याला पाणी म्हणजे काय हे ठाऊक असते. नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी आले आणि बारामतीच्या जिरायतीची बागायत झाली. इंदापूरकडच्या गावांना उजनीची वाट पाहावी लागली. १९८० साली ते धरण पूर्ण झाले; कुणाच्या शेतात पाणी आले, तर कुणाचे शेतच पाण्यात गेले. परंतु हे सारे गोडे पाणी. खाऱ्या पाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे एकच उत्तर मिळते : तो कोकणातल्या लोकांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध?

समुद्रपर्यटन, जहाजे आणि आरमार यांवरील जुनी पुस्तके मी गेली दोन वर्षे जमवीत आहे. ‘संग्रह’ म्हणावा असे ते काही नाही. सारी मिळून अकरा पुस्तके आहेत आणि ती पत्र्याच्या एका पेटीत मावतात. तरीही हे ज्यांच्या कानी गेले, त्यांतील बहुतेकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, समुद्रच का? आणि दुसरा, जुनीच का? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच असल्यामुळे घरच्यांचा तिसरा प्रश्न होता, यातून पुढे काय मिळणार? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे केवळ माझ्यापुरती नाहीत असे वाटते, म्हणूनच हा लेखप्रपंच.

प्रथम समुद्राविषयी. इंदापूर गावात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. बारामती तालुक्यातील सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतील परगण्याचे ठिकाण. म्हणजे ज्या घराण्याने पुढे समुद्रावर सत्ता गाजवली, त्याची मुळे ह्याच माळरानात होती. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, पाठोपाठ आरमाराची उभारणी सुरू झाली, आणि १६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे बांधकाम हाती घेतले गेले. घाटावरच्या जहागिरीत वाढलेल्या राजाला समुद्राचे महत्त्व कळले. आम्हाला मात्र ते अजूनही परक्याचे वाटते! रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी वेगळे प्रकरण आहे, आणि त्यात जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये अशी ताकीदही आहे. किनारा आणि शेत यांची सांगड इतक्या जुन्या काळी ज्यांनी घातली, त्यांचे वारस आपण म्हणवतो.

आणखी मागे जाऊ. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले समुद्रमार्गांचे टिपण आहे. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल यांच्याबरोबरच पैठण आणि तगर ह्या दोन शहरांची नावे येतात. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असा त्यात हिशेब आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तिथून समुद्र कुठे? परंतु तिथला माल गाड्यांवर लादून बंदराला जात होता आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे निघत होता. बंदर हे केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचे नसते. ज्याच्या शेतातला माल बंदरात जातो, त्या प्रत्येकाचे ते असते. आज आपल्या भागातील द्राक्षे आणि डाळिंबे जहाजात चढून परदेशी जातात. तेव्हा समुद्राशी संबंध नाही असे म्हणण्याचा अधिकार तर आपल्याला मुळीच राहिलेला नाही.

ह्याच तेर गावची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या. पुढे त्या संग्रहातून तिथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. इटलीतील पाँपेई शहराच्या अवशेषांत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला सापडलेली आहे. समुद्राचा इतिहास किनाऱ्यापासून इतक्या दूरच्या गावात एका हौशी माणसाने सांभाळला! संग्राहक होण्यासाठी श्रीमंती लागते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आता जुन्या पुस्तकांविषयी. नवी, सचित्र, सोपी पुस्तके असताना पिवळ्या पडलेल्या पानांचा हा सोस कशासाठी? याचे उत्तर एका उदाहरणाने देते. क्लेमंट डाउनिंग नावाचा एक इंग्रज खलाशी अठराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर होता. कान्होजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या मोहिमांत त्याने भाग घेतला होता. त्याचे पुस्तक १७३७ साली लंडनला छापले गेले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच आंग्र्यांना चाचे म्हटले आहे. पुस्तक उघडण्यापूर्वीच निकाल! पुढे १९०७ साली जॉन बिडल्फ यांचे जे पुस्तक आले त्याचेही नाव ‘मलबारचे चाचे’ अशाच अर्थाचे आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षे तोच शब्द एका मुखपृष्ठावरून दुसऱ्या मुखपृष्ठावर चढत राहिला.

वस्तुस्थिती काय होती? पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देत आणि तो नसलेले जहाज पकडत. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजींनीही मराठी राज्याच्या वतीने दस्तक देण्यास आरंभ केला आणि दस्तक न घेणारी जहाजे पकडली. काम एकच, पण एकाच्या कामाला अंमल म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या कामाला चाचेगिरी. कान्होजी १७२९ साली वारले. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, तेव्हा बंदरातले आरमार जळून खाक झाले. मराठी सत्तेने आपल्याच आरमाराची राख होऊ दिली, हा आपल्या इतिहासातील एक कडू धडा आहे. जहाजे गेली आणि ‘चाचे’ हा शब्द तेवढा राहिला, कारण तो शब्द ज्या पुस्तकांत होता ती पुस्तके नीट जपली गेली.

येथेच माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख आहे. भा. कृ. श्रीवास्तव्य यांनी १९५० साली आंग्र्यांविषयी जे साधनांचे पुस्तक इंग्रजीत काढले, त्याचे नावच ‘ब्रिटिश दप्तरातील कुलाब्याचे आंग्रे’ अशा अर्थाचे आहे. आपल्या सरखेलांचे चरित्र जुळवायला आपल्याला त्यांच्या शत्रूच्या दप्तराकडे जावे लागते! यात शत्रूला दोष देण्यासारखे काही नाही. त्याने कागद जपले, एवढाच त्याचा ‘अपराध’. प्रश्न आपल्याला विचारायचा आहे : आपण काय जपले?

काही जणांनी जपले, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस हे त्यांतले अग्रणी. साताऱ्यात राहून ह्या माणसाने जुनी कागदपत्रे, चित्रे आणि दुर्मिळ ग्रंथ अक्षरशः वेचून गोळा केले. त्यांनीच १९०४ साली ‘मराठ्यांचे आरमार’ हे पुस्तक लिहिले. सातारा हेदेखील समुद्रकाठचे गाव नव्हे, हे मुद्दाम नमूद करते. त्यांचे वैशिष्ट्य असे, की जमवलेले कागद त्यांनी केवळ कपाटात ठेवले नाहीत. ‘इतिहाससंग्रह’ ह्या आपल्या मासिकातून ते छापले. १९२६ साली ते वारले. पुढे १९३९ साली त्यांचा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला आणि अभ्यासकांना उपलब्ध झाला. त्याचप्रमाणे शां. वि. आवळसकर यांनी ‘आंग्रेकालीन अष्टागर’ लिहून आंग्र्यांच्या अमलाखालील मुलखाचे चित्र मराठी साधनांतून उभे केले. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही कागद जपण्याच्या ह्याच तळमळीतून.

आवळसकरांच्या पुस्तकाची एक प्रत माझ्या पेटीत आहे. ती मला रद्दीच्या दुकानात, वजनावर मिळाली. तिच्या पहिल्या पानावर एका वाचनालयाचा शिक्का आहे आणि त्यावर आडवा ‘रद्द’ असा दुसरा शिक्का. वाचनालयाचे नाव मी येथे देत नाही. कारण प्रश्न एका वाचनालयाचा नाही. जागा अपुरी, वाचक नाहीत, कपाटाला वाळवी लागलेली. अशा स्थितीत ग्रंथपालाने तरी काय करावे? पण जे पुस्तक वाचकाने दहा वर्षांत मागितले नाही ते निरुपयोगी, हा हिशेब किराणा दुकानाला शोभतो, ग्रंथालयाला नाही. दुकानदाराने माझ्याकडून चाळीस रुपये घेतले आणि वर “ताई, ह्याच्यात काय वाचायचं?” असे विचारले. त्याला काय सांगणार? त्या पुस्तकाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने गावांची नावे तपासून खुणा केल्या आहेत. मला न भेटलेला तो वाचक त्या खुणांत जिवंत आहे. नव्या छापील आवृत्तीत तो भेटला नसता. जुनी प्रतच का, याचे एक उत्तर हेही.

आता दुसरी बाजू पाहू. दुर्मिळ ग्रंथांचा संग्रह हा मोठ्या शहरांत आणि परदेशांत श्रीमंतांचा व्यापार झाला आहे. तिथे जुने नकाशे आणि प्रवासवर्णने लिलावात विकली जातात. पुस्तकातील नकाशे आणि चित्रे कापून चौकटीत बसवून वेगळी विकण्याचा धंदाही चालतो. पहिल्या आवृत्तीला भाव असतो आणि बांधणी शाबूत असेल तर तो वाढतो. कित्येकदा घेणारा ते पुस्तक उघडतही नाही, कारण उघडल्याने किंमत कमी होते! असल्या संग्रहाला माझा विरोध आहे. कुलूपबंद कपाटातले पुस्तक आणि रद्दीत गेलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने फरक तो काय? एक कापडात गुंडाळलेले, दुसरे पुडीत बांधलेले, इतकेच.

यावर संग्राहक म्हणतील की आम्ही पैसे मोजले नसते तर ते पुस्तक टिकलेच नसते. हे म्हणणे खोटे नाही. संग्राहकाच्या हव्यासाने कितीतरी ग्रंथ वाचले आहेत, आणि सार्वजनिक संस्थांच्या हातूनही काही सुरक्षित राहते असे नाही. २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा जपलेल्या ठेव्याची कशी नासधूस होते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. म्हणून मी संग्राहकाचा मालकीहक्क नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच, की पुस्तकाच्या कागदाचा तो मालक आहे. त्यातील मजकुराचा तो विश्वस्त आहे. मूळ प्रत त्याने खुशाल जपावी, पण तिची नक्कल काढू द्यावी.

ही कल्पना मी बाहेरून आणलेली नाही. बारामतीत ज्यांनी हयात घालवली त्या मोरोपंतांच्या काळी पोथ्या कशा पसरत? एकाने दुसऱ्याची पोथी मागून न्यायची, उतरवून घ्यायची आणि मूळ पोथी परत करायची. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पंतांनी एवढी अफाट रचना केली, ती घरोघरी गेली ती नकलांच्या पाठीवर बसून. १७९४ साली पंत वारले तेव्हा आपल्याकडे छापखान्यांचा प्रसार झालेला नव्हता. पोथी उतरवून देण्यात पुण्य आहे, असे मानणारा समाज तो. आज आपल्या खिशातल्या मोबाइलने एका दुपारी सबंध ग्रंथाची छायाप्रत निघते. आणि आपण मात्र पुस्तक देताना कचरतो. साधने वाढली आणि हात आखडला, असे झाले आहे.

छायाप्रतींनी केवढे काम होते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. चार्ल्स लो यांचा १८७७ सालचा, भारतीय नौदलाचा दोन खंडांतील इतिहास, राधाकुमुद मुखर्जी यांचे १९१२ सालचे भारतीय नौकानयनावरील पुस्तक, कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअरे, ही सारी आज संगणकावर फुकट वाचता येतात. मी ती वसतिगृहातील कॉटवर बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आहेत. पण नीट पाहिले तर ही सारी पुस्तके इंग्रजी आहेत. मराठी पुस्तके त्या मानाने फार थोडी आणि तीही विखुरलेली. म्हणजे पुन्हा तेच! लंडनमध्ये छापलेले पुस्तक इंदापूरच्या मुलीला मिळते, आणि पुण्यात छापलेल्या पुस्तकासाठी रद्दीवाल्याच्या कृपेवर अवलंबून राहावे लागते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. पारसनीसांसारख्यांची पुस्तके कधीच मोकळी झाली आहेत; उणीव आहे ती ती उचलून घेणाऱ्या हातांची.

आणि ही उणीव केवळ अभिमानापुरती नाही. बोटीचे, वाऱ्याचे ज्ञान हे जीव वाचवणारे ज्ञान असते. लक्षद्वीपचे नाखवे ‘रहमानी’ नावाच्या हस्तलिखित पोथ्यांत तारे, वारे आणि अंतरे यांची नोंद ठेवीत. मुंबई विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी अशा परंपरागत नौकानयनाचा अभ्यास केला. आपल्याकडेही नद्यांचे असे ज्ञान होते. पुराच्या पाण्यात काहील घालून उतारू कसे न्यायचे, भोपळ्याची सांगड कशी बांधायची, आभाळ कोणत्या दिशेला काळवंडले की पाण्यात उतरायचे नाही, हे आमच्या आजीला आजही सांगता येते. ते कुणी लिहून ठेवले? २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळाने उलटली आणि सहा जण बुडाले. पुस्तकाने ते वाचले असते असा दावा मी करणार नाही. परंतु जो समाज पाण्याला आपल्या अभ्यासाचा विषय मानत नाही, तो सुरक्षेची जाकिटेही गौण मानतो, एवढे खचित.

आपल्या शेजारीच एक वेगळा आदर्श होता. नीरेपलीकडे फलटण तालुक्यात विंचुर्णी नावाचे गाव आहे. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्टा’ ह्या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवणारे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर त्या गावी राहिले. मुंबईची ‘मेरिटाइम हिस्टरी सोसायटी’ १९७८ साली त्यांनीच स्थापन केली. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची नौदलाची मोहीम ही त्यांचीच प्रेरणा; दिलीप दोंदे यांनी २०१० साली ती प्रथम पूर्ण केली. २०१८ साली आवटी गेले. समुद्रावर उभे आयुष्य काढलेला हा माणूस आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होता, आणि आपल्यापैकी कितीजणांना ते ठाऊक होते?

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून तीन सूचना करते. पहिली : आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून १९६० पूर्वीचे कोणतेही मराठी पुस्तक रद्द करण्यापूर्वी त्या विषयाच्या प्राध्यापकांची सही घ्यावी आणि महिनाभर त्याची यादी फलकावर लावावी. दुसरी : राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर गावातील घरोघरच्या जुन्या पोथ्या, पुस्तके आणि मोडी कागद यांची नोंद करावी. वस्तू घरच्यांकडेच राहू द्यावी. आपण फक्त नोंद आणि छायाप्रत घ्यावी. तिसरी : ग्रंथालयात एक फळी ‘पाणी आणि समुद्र’ ह्या विषयासाठी राखून ठेवावी. तिच्यावर ठेवण्यासाठी माझी अकरा पुस्तके मी देण्यास तयार आहे. अट एकच, की ती कुलूपबंद कपाटात जाऊ नयेत.

राहता राहिला घरच्यांचा प्रश्न, यातून काय मिळणार? नोकरी मिळेल असे मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मला निश्चित मिळाली आहे. जुन्या महसुली पुस्तकांत इंदापूरचे नाव ठळकपणे येते, ते जमीनमोजणीसाठी. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्यांची सुप्रसिद्ध मोजणीपद्धत प्रथम इथेच लावली. आमची जमीन किती आणि तिच्यावर सारा किती, हे दुसऱ्यांनी लिहून ठेवले. आमच्या सरखेलांना काय म्हणायचे, तेही दुसऱ्यांनीच लिहून ठेवले. ज्या घरात आजवर फक्त सातबारा आणि रेशनकार्ड एवढेच कागद जपले गेले, त्या घरातील मुलीने पुस्तके जपायला सुरुवात केली, तर पुढच्या वेळी लिहिण्याची पाळी आमची असेल. हा लाभ मला पुरेसा वाटतो.